नर्गिस दत्त आणि बार्शीची वाट

परंडा-भूम भागात घरात कुणाला कॅन्सरची शंका आली की बार्शीला न्यायचं ठरतं. तिथल्या हॉस्पिटलला ज्यांचं नाव आहे, त्या नर्गिस दत्त आमच्या वर्गातल्या मुलांना फार तर संजय दत्तची आई म्हणून माहीत. म्हणून ही थोडी ओळख.

1 जून 1929, कलकत्ता. नाव फातिमा रशीद. वालिदा जद्दनबाई नामांकित गायिका. मुलीला डॉक्टर व्हायचं होतं असं सांगतात, पण 1935 च्या 'तलाश-ए-हक'मध्ये ती लहानपणीच कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि पुढे मेहबूब खान यांच्या 'तकदीर'ने 1943 मध्ये नायिका झाली. 'मदर इंडिया' 1957 चा. पुढच्याच वर्षी पद्मश्री, आणि सुनील दत्त यांच्याशी लग्न. नंतर सिनेमा कमी झाला, लोकांची कामं वाढली.

1980 मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या आणि त्याच वर्षी स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. उपचार न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमध्ये, कित्येक महिने. 3 मे 1981 रोजी मुंबईत इंतकाल झाला, वय 51. मुलाचा पहिला सिनेमा 'रॉकी' काहीच दिवसांनी लागला. दफन मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात. पैसा, ओळख, जगातले नामी डॉक्टर, सगळं होतं, तरी बाई वाचल्या नाहीत. दत्तसाहेबांनी मग त्यांच्या नावाने कॅन्सर रुग्णांच्या मदतीचं काम उभं केलं.

आपल्या भागाचा खरा संबंध इथून पुढे. 1987 मध्ये बार्शीत कॅन्सरची नोंदवही सुरू झाली, ग्रामीण भारतातली पहिली. तिच्यात बार्शीसोबत आपले भूम आणि परंडा तालुके. खेड्यातला रुग्ण आपणहून दवाखान्यात येत नाही, म्हणून कार्यकर्ते गावोगाव जाऊन विचारायचे. पुढे 1999 पासून आपल्याच जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी अभ्यास झाला. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या मंडळींनी केलेला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले, हे 2009 मध्ये जगाला कळलं. एका गटाला मात्र तपासणी नव्हती, फक्त माहिती दिली होती. तुलनेसाठी तसं करतात, पण त्या बायकाही आपल्याच गावच्या होत्या, हे आम्हाला टोचतं.

आणि पुरुष? प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी असं दारोदार कुणी आलं नाही. त्याची सरसकट तपासणी करावी की नाही, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. पण त्रास होत असताना गप्प राहणं वेगळं. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी रात्री सहा-सहा वेळा उठायचे. वयाचं आहे म्हणून दोन वर्षं काढली. कंबर धरली तेव्हा तपासलं, तर आजार हाडात गेलेला. आता हार्मोन थांबवायचं, त्याला दोन रस्ते: दर काही महिन्यांनी महागडं इंजेक्शन, किंवा एकदाच अंडकोष काढण्याचं ऑपरेशन. गुरुजींनी इंजेक्शनचा वर्षाचा हिशोब कागदावर मांडला, तो कागद खिशात घातला आणि ऑपरेशनला हो म्हणाले. घरी सुनेला सांगितलं, हर्नियाचं होतं.