पडताळा

दहावीत वर्गसमीकरण आले की मी मधल्या पदाची फोड करायची, दोन उत्तरे काढायची, ऋण असेल ते खोडायची आणि पुढचे गणित घ्यायची. सर वहीच्या समासात लाल शाईने पडताळा मागायचे. कासुर्डीत असेपर्यंत तो मी कधी मनापासून केला नाही. त्याचे मोल मला भास्कराचार्यांमुळे कळले.

त्यांचा जन्म इ.स. १११४ चा. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड हे गाव. वडील महेश्वर हेच गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग.

'बीजगणिता'त पूर्ण वर्गाची रीत त्यांनी श्रीधराचार्यांच्या नावानिशी दिली आहे. वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजूंना गुणायचे आणि मधल्या पदाच्या मूळ सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवायचा. अपूर्णांक न येता पूर्ण वर्ग तयार होतो. आपण पाठ केलेल्या सूत्रातला ४ कुठला, ते इथे समजते.

पुढे माकडांची दोन गणिते आहेत. पहिल्यात कळपाच्या आठव्या हिश्श्याचा वर्ग वनात खेळतो आणि उरलेली १२ माकडे टेकडीवर आहेत. उत्तरे ४८ आणि १६, दोन्ही जुळतात. दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी माकडे गुहेत शिरली, एक फांदीवर दिसले. उत्तरे ५० आणि ५. पण ५ चा पाचवा हिस्सा १. त्यातून ३ गेले की उणे २. म्हणून भास्कराचार्यांनी ५ नाकारले.

हे वाचून मी थबकले. ५ तर धन आहे! माझ्या खोडण्याच्या सवयीतून ते सहज निसटले असते. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या एका प्रोग्रॅममध्ये नेमके असेच घडले होते. शेवटचे उत्तर धन, मधली पायरी ऋण. चूक सापडायला दोन रात्री गेल्या.

वयाच्या सत्तरीजवळ, ११८३ च्या सुमारास, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिला. त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चंगदेवाने मठ स्थापला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ चा शिलालेख तशी नोंद देतो.

सर, आता मी पडताळा करते. न मागताही.