खोऱ्याचा नकाशाकार

जेडेडाया हॉचकिस यांचा जन्म १८२८ साली अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात झाला. तरुणपणी ते व्हर्जिनियात आले आणि शाळा काढून शिकवू लागले. नकाशे काढण्याचे शिक्षण त्यांना कोणी दिले नव्हते; अध्यापनातून उरलेल्या वेळात ती विद्या त्यांनी स्वतःच आत्मसात केली.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेकडील राज्ये संघराज्यातून फुटली होती. जन्माने उत्तरेकडील असूनही हॉचकिस दक्षिणेच्या सैन्यात गेले. त्यांचे कौशल्य वादातीत आहे. ते ज्या पक्षाच्या कामी आले, तो मात्र अन्यायाचा होता.

मार्च १८६२ मध्ये सेनापती जॅक्सन यांनी त्यांना शेनान्डोआ खोऱ्याचा नकाशा करण्यास सांगितले. हॉचकिस घोड्यावरून हिंडत आणि रंगीत पेन्सिलींनी वहीत वाटा, ओढे, टेकड्या टिपून घेत. त्यांतून आठ फुटांहून लांब असा नकाशा कापडावर सिद्ध झाला. या साऱ्या धावपळीत ते रोजनिशीही लिहीत. हवा कशी होती, किती मैल चाल झाली, मुक्काम कोठे पडला, कोणते रेखाटन पुरे झाले, अशा साध्या नोंदी त्यांत आढळतात. युद्धाच्या गौरवगाथांपेक्षा या कोरड्या नोंदीच अधिक विश्वासार्ह वाटतात.

मे १८६३ मध्ये चान्सलर्सव्हिल येथे लढाई झाली. १ तारखेच्या रात्री हॉचकिस यांनी स्थानिक रहिवाशाकडून रानातील एका आडवाटेची माहिती मिळवली. दुसऱ्या दिवशी त्या वाटेने सुमारे बारा मैल चालून जॅक्सन यांची फौज शत्रूच्या बगलेवर तुटून पडली. विजय मिळाला, परंतु त्याच रात्री अंधारात स्वतःच्याच सैनिकांच्या गोळ्या जॅक्सन यांना लागल्या आणि १० मे रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्याच गोळीबारात हॉचकिस यांचे मित्र व अभियंता अधिकारी बॉसवेल ठार झाले. हॉचकिस यांनी त्यांचा मृतदेह शोधून काढला आणि जवळच्या एलवुड येथील दफनभूमीत त्यांना मूठमाती दिली.

जॅक्सन गेले, तरी रोजनिशी थांबली नाही. ती युद्ध संपेपर्यंत चालू राहिली. १८६५ नंतर हॉचकिस स्टाँटन या गावी स्थायिक झाले व व्हर्जिनियातील खनिजसंपत्तीचा अभ्यास करू लागले. १८९९ साली तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांची रोजनिशी १९७३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. खोऱ्याचा तो मोठा नकाशा वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयात जतन केलेला आहे.