पंतांची आर्या आणि नाइकांची खतावणी

चैत्र शुद्ध नवमी. आज मध्यान्ही गावोगावच्या राममंदिरांतून पाळणा हलेल, गुलाल उधळेल, सुंठवड्याचा प्रसाद हातोहाती जाईल आणि कीर्तनकार जन्माचे आख्यान लावून उभा राहील. त्या आख्यानात कोठे ना कोठे एक तरी आर्या येईल, आणि ती बहुधा मोरोपंतांची असेल. आजपासून सहाव्या दिवशी, चैत्री पौर्णिमेस, त्याच कविवर्यांची पुण्यतिथी. शके १७१६ च्या, म्हणजे १५ एप्रिल १७९४ च्या, त्या पौर्णिमेला बारामतीत त्यांनी देह ठेविला. रामनवमीच्या निमित्ताने त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, हा या लेखाचा एक हेतू. दुसरा हेतू म्हणजे आमच्या एका जुन्या चुकीची कबुली.

काही वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातील वरकुटे येथे रामनवमीच्या उत्सवात आमचे कीर्तन होते. पूर्वरंगाला आम्ही धनाचा विषय घेतला. भर्तृहरीने धनाला तीन वाटा सांगितल्या आहेत. ते द्यावे, उपभोगावे, नाहीतर ते आपोआप नाहीसे व्हावे. हा श्लोक आम्ही सविस्तर उलगडला आणि मग नेहमीप्रमाणे धनिकांवर घसरलो. श्रीमंताची मूठ कधी सुटत नाही, त्याला रात्री झोप नसते, तो देवाशीही हिशेब ठेवतो, औदार्य पाहावे ते गरिबाच्याच घरी, असे सांगत गेलो. दृष्टांत चुरचुरीत होते. श्रोते हसले, टाळ्या पडल्या. उत्तररंगात पंतांच्या आर्या म्हटल्या, आरती झाली.

मंडळी पायां पडून जाऊ लागली, तेव्हा एक वृद्ध शेतकरी मागे थांबले. त्यांनी अगदी नम्रपणे विचारले, की बुवा, श्रीमंताची मूठ सुटत नाही असे आपण सांगितले आणि लगेच पंतांच्या आर्या म्हटल्या. तर पंतांनी जन्मभर अन्न कोणाचे खाल्ले? एवढे विचारून नमस्कार करून ते निघून गेले. आम्हांस उत्तर सुचले नाही. मागाहून कळले, की त्यांच्या आजोबांची जमीन सावकाराच्या खतात गेली होती. म्हणजे हा प्रश्न धनिकांच्या भाटाचा नव्हता, ज्याच्या घराने सावकारी सोसली होती त्याचा होता. म्हणून तो अधिकच लागला.

त्या प्रश्नाचे उत्तर पंतांच्या चरित्रातच आहे.

पन्हाळ्याहून बारामतीस

मोरेश्वर रामचंद्र पराडकर हे त्यांचे पूर्ण नाव. घराणे मूळचे कोकणातील. पंतांचा जन्म १७२९ साली पन्हाळगडावर झाला. तेथेच केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या विद्वान गुरूंपाशी त्यांचे संस्कृत काव्य, व्याकरण आणि अलंकार यांचे अध्ययन झाले. पुढे वडील रामजीपंत बारामतीस बाबूजी नाईक जोशी यांच्या पदरी राहिले आणि ऐन पंचविशीच्या आसपास मोरोपंतही त्यांच्यामागे कऱ्हेकाठी आले. नाइकांनी त्यांची विद्वत्ता हेरली आणि पुराण सांगण्याचे काम त्यांना दिले. तेव्हापासून अखेरपर्यंत, सुमारे चाळीस वर्षे, पंतांचा मुक्काम बारामतीतच होता. उतारवयात काशीयात्रा घडली तेवढीच काय ती लांबची वाट.

या चाळीस वर्षांत त्यांनी काय केले? आर्या हे संस्कृत-प्राकृतातील जुने मात्रावृत्त त्यांनी मराठीत असे रुळविले, की पुढे मराठी माणसाने आर्या म्हटले की पंत आठवावे. संपूर्ण महाभारत त्यांनी आर्याभारत म्हणून आर्यांत आणले. कृष्णविजय, मंत्रभागवत, हरिवंश असे ग्रंथामागून ग्रंथ झाले. रामकथेवर तर त्यांची तृप्तीच होईना. एकशे आठ रामायणांचा संकल्प करून प्रत्येकास त्यांनी निराळे बंधन घातले. एकात ओठांनी उच्चारावयाचे वर्ण वर्ज्य केले, तर दुसऱ्यात राममंत्राची अक्षरे गुंफली. अखेरीस मोराने मेघाला आळवावे तशी देवाला आळवणारी केकावली पृथ्वी वृत्तात लिहिली. त्यांची एकूण कविता पाऊण लाखाच्या घरात मोजली जाते.

एवढे लेखन फुरसतीवाचून होत नाही. आर्याभारत रचणाऱ्यास उद्याच्या शिध्याची विवंचना असती, तर अठरा पर्वे पुरी झाली नसती. कागद, शाई, पोथ्या, दिव्याचे तेल, घरच्या माणसांचे धान्य आणि वर्षानुवर्षांची निश्चिंती हे सारे कोठून तरी यावे लागते. ते नाइकांच्या घरातून आले.

नाईक कोण होते?

हे नाईक साधे गृहस्थ नव्हते. बारामतीकर जोशी म्हणजे त्या काळचे मातबर सावकार. बाबूजींचे बंधू आबाजी नाईक हे थोरल्या बाजीराव पेशव्यांचे मेहुणे. पेशव्यांची बहीण भिऊबाई त्यांना दिलेली होती. पेशव्यांचा कारभार कर्जावर चाले, हे आता सर्वश्रुत आहे. फौज उभी करावयाची तर रोख रक्कम मोहिमेच्या आधी लागे, आणि महसूल हाती येई तो सुगीनंतर. मधल्या काळाचा खड्डा सावकाराने भरावयाचा, त्यावर व्याज घ्यावयाचे आणि फेडीसाठी एखाद्या महालाच्या वसुलावर वरात मिळवावयाची, अशी ती रीत होती. बाजीरावांसारखा पराक्रमी पुरुषही धनकोंच्या तगाद्याने किती त्रासला होता, हे धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना त्याने लिहिलेल्या पत्रांतून दिसते. आणि गंमत अशी, की हे ब्रह्मेंद्रस्वामी स्वतःही पेशव्यांचे धनको होते. संन्यासी रक्कम व्याजी लावीत होता. धनाची आस फक्त धनिकालाच असते, असे आम्ही वरकुट्यात सांगितले. तेव्हा धावडशी आम्हांस आठवली नाही.

२८ एप्रिल १७४० रोजी नर्मदातीरी रावेरखेडी येथे बाजीराव वारले. पेशवेपदाची वस्त्रे कोणास द्यावीत, हा प्रश्न शाहू महाराजांपुढे आला. त्या वेळी बाबूजी नाइकांनी त्या पदावर आपला हक्क सांगितला आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांनी त्यांची बाजू उचलली. वस्त्रे बाजीरावांचे पुत्र नानासाहेब यांना मिळाली. तेव्हा नाइकांनी आपल्या कर्जाचा तगादा लावला. घरात कर्ता पुरुष नुकताच गेलेला, मुलगा अवघ्या एकोणीस वर्षांचा, आणि धनको दुसरातिसरा कोणी नसून घरचाच सोयरा. सासवडचे महादजीपंत पुरंदरे यांनी आपली पत खर्चून त्या तगाद्यातून पेशव्यांची सुटका केली. पुढे नाइकांनी कर्नाटकाच्या मोहिमा अंगावर घेतल्या. त्यांत त्यांना यश आले नाही. रकमा मोजणारा हात फौज पेलू शकला नाही.

आता वाचकांनीच सांगावे, हा पुरुष कोणत्या कोष्टकात बसवावा? दुःखात असलेल्या सोयऱ्याकडे मुद्दल आणि व्याज मागणारे बाबूजी नाईक, आणि कोकणी घराण्यातील एका तरुण शास्त्र्याला आपल्या गावी ठेवून घेणारे बाबूजी नाईक, हे दोघे एकच. तीच तिजोरी, तीच खतावणी. एका पानावर नात्याचीही भीड नाही. दुसऱ्या पानावर चाळीस वर्षे चाललेला असा खर्च, की ज्याची फेड सावकारी रीतीने कधी होणारच नव्हती. पंतांच्या काव्यांचे नायक राम, कृष्ण आणि पांडव आहेत. बारामतीचे नाईक नव्हेत. महाभारतावर व्याज कोण आकारणार?

दुसरी बाजू

परंतु हे वाचून आम्ही धनिकांची भलामण करू लागलो, असे कोणी समजू नये. नाइकांच्या तिजोरीत आलेले द्रव्य आभाळातून पडले नव्हते. महालावरची वरात अखेर रयतेच्या खळ्यापाशी येऊन थांबे. आर्याभारताच्या कागदामागे कोणा अनाम कुणब्याची ज्वारी आहे, हे विसरून चालणार नाही. आणि या मुलखात सावकारीचा जाच केवढा झाला, ते पुढच्या शतकाने दाखविले. १२ मे १८७५ रोजी बारामतीजवळच्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी उठले, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. त्यातूनच पुढे १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा आला.

त्या उठावातही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. संतापलेल्या त्या लोकांनी प्रामुख्याने मागितली ती खते आणि दस्तऐवज. ते कागद मुकाट्याने मिळाले, तेथे बहुधा सावकाराच्या अंगाला हात लागला नाही. कागदांची तेवढी होळी झाली. ज्यांनी प्रत्यक्ष सोसले, त्यांनी माणूस आणि त्याचा व्यवहार यांत भेद केला. ज्यांनी काहीच सोसले नाही, ते आम्ही मात्र व्यासपीठावरून सरसकट निवाडा देत होतो.

संस्कृतात कृपण या शब्दाचा मूळ अर्थ कंजूष नव्हे. दीन, कीव करण्याजोगा असा आहे. बृहदारण्यक उपनिषदात अक्षरतत्त्व न जाणता जो या लोकातून जातो, त्याला कृपण म्हटले आहे. गीतेत फळावर डोळा ठेवून कर्म करणाऱ्यास हाच शब्द लाविला आहे. दोन्ही ठिकाणी मनुष्याजवळ किती द्रव्य आहे, याची विचारपूस नाही. हा अर्थ आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकविला. पण कीर्तनात उभे राहताच मराठी अर्थ हाती धरून टाळ्या घेतल्या. आणि त्या टाळ्यांनंतर जी बिदागी पदरात पडली, तिच्यात मोठा वाटा गावातील एखाद्या सधन घरचाच असे. नाइकांनी पंतांना दिले ते जर अन्न, तर आम्हांस मिळाले ते काय?

पंतांच्या आर्या लोकांच्या कानी गेल्या, त्यातही कीर्तनाचाच हात मोठा. सोलापूरचे शाहीर राम जोशी, लावणीत रंगलेले, पंतांच्या सहवासाने कीर्तनाकडे वळले आणि त्यांनी त्या आर्या गावोगाव गाजविल्या. पुढे १८५४ साली परशुरामतात्या गोडबोले यांच्या नवनीतात पंतांची कविता आली, आणि १८६५ साली दादोबा पांडुरंगांनी केकावलीवर विस्तृत टीका लिहिली. एका सावकाराच्या आश्रयाने रचलेली कविता अशी शाळेच्या बाकावर आणि खेड्याच्या देवळात पोहोचली. बारामतीत कऱ्हेकाठी नाइकांचा वाडा आजही उभा आहे; पण तो पाहावयास जाणाऱ्यांच्या मुखी बाबूजींचे नाव येते, ते बहुतेकदा पंतांच्या नावामागूनच.

असो. त्या वरकुट्याच्या आजोबांची पुन्हा गाठ पडली नाही. पडती, तर आम्ही एवढेच सांगितले असते: पंतांनी अन्न श्रीमंताचे खाल्ले, त्या श्रीमंताने ते रयतेकडून घेतले, आणि पंतांनी ते आर्यांच्या रूपाने रयतेच्या देवळात परत आणून ठेविले. धनिक असा असतो किंवा तसा असतो, हे वाक्य तेव्हापासून आमच्या पूर्वरंगातून आम्ही काढून टाकले आहे. टाळ्या थोड्या कमी पडतात. आज पाळणा म्हणताना आपल्या कानी पंतांची आर्या आली, तर रामाला जोडलेले हात क्षणभर त्या कवीसाठी, आणि ज्यांच्या ज्वारीवर तो जगला त्या अनाम रयतेसाठीही तसेच राहू द्यावेत.