नवरा दुसरीसाठी सोडून गेला, पेपरांनी अब्रू काढली, आणि तिने जगाला दिली खुनी शोधणारी आजीबाई

३ डिसेंबर १९२६ ची रात्र. इंग्लंडमधल्या सनिंगडेल इथल्या आपल्या घरातून एक बाई मोटार घेऊन एकटीच बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोटार गिल्डफर्डजवळ एका उतारावर बेवारस सापडली. आत तिचा फरचा कोट होता, लायसन्स होतं. बाईचा मात्र पत्ता नव्हता.

बाईचं नाव अगाथा ख्रिस्ती. वय ३६. धंदा, खुनाच्या गोष्टी लिहिणे.

मग काय, पेपरवाल्यांना आयतंच खाद्य मिळालं. पोलीस आणि हजारो लोक रानोमाळ शोधत फिरले. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी तर तिचा हातमोजा आत्म्यांशी बोलणाऱ्या एका माणसाकडे नेऊन दिला. अखेर अकरा दिवसांनी ती हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडली. रजिस्टरमध्ये तिने नाव लिहिलं होतं मिसेस नील.

नील हे तिच्या नवऱ्याच्या प्रेयसीचं आडनाव होतं.

हे सगळं इथवर आलं कसं?

अगाथाचा जन्म १५ सप्टेंबर १८९० चा, डेव्हनमधल्या टॉर्की या समुद्रकाठच्या गावातला. ती ११ वर्षांची असताना वडील गेले. लहानपणी ती लंडनजवळच्या ईलिंगला आजीकडे राहायला जायची. या आजीचं एक वैशिष्ट्य होतं. समोरचा माणूस वाईटच असणार असं ती आधीच धरून चालायची, आणि बहुतेक वेळा तिचं खरं निघायचं. अगाथाने हे डोक्यात ठेवलं.

१९१४ मध्ये तिने वैमानिक आर्ची ख्रिस्तीशी लग्न केलं. पहिलं महायुद्ध सुरू होतं. ती टॉर्कीच्या लष्करी दवाखान्यात आधी नर्स म्हणून राबली, मग औषधं बनवायच्या विभागात गेली. कुठलं औषध किती दिलं की विष होतं, हे ती तिथे शिकली. थोरल्या बहिणीने कधीतरी तिला डिवचलं होतं की डिटेक्टिव्ह कादंबरी लिहिणं तुला जमायचं नाही. त्या ईर्ष्येवर पहिली कादंबरी झाली. अनेक प्रकाशकांनी ती परत पाठवली, शेवटी १९२० मध्ये छापून आली. मिशीवाला पॉयरो त्यातलाच.

१९२६ मध्ये मात्र सगळंच फिरलं. आधी आई गेली. ते दुःख ओसरायच्या आत आर्चीने सांगितलं की त्याचं एका तरुण मुलीवर प्रेम आहे आणि त्याला घटस्फोट हवाय. त्यानंतरच ते अकरा दिवस आले. स्मृती गेली होती, असं घरच्यांनी सांगितलं. लोकांनी प्रसिद्धीचा स्टंट म्हणून टीका केली. अगाथाने पुढे आत्मचरित्र लिहिलं, पण या अकरा दिवसांवर त्यात अवाक्षर नाही.

१९२८ मध्ये घटस्फोट झाला. पदरात लहान मुलगी होती, पैशांची गरज होती. मन लागत नसतानाही तिने लिहायला घेतलं. आपण हौशी लेखिकेच्या धंदेवाईक लेखिका झालो ते तेव्हाच, असं ती मानायची.

आणि याच काळात आजीबाई आल्या

तिच्या एका गाजलेल्या कादंबरीत कॅरोलिन नावाची, गावभरच्या बातम्या ठेवणारी अविवाहित प्रौढा होती. अगाथाची ती लाडकी. कादंबरीचं नाटक करताना कॅरोलिनला काढून तिच्या जागी एक तरुण, देखणी मुलगी घातली गेली. अगाथाला हे फार लागलं. कॅरोलिनच्याच आवडीतून बहुधा मिस मार्पल सुचली असावी, असं तिने नंतर लिहिलं.

मिस मार्पल पहिल्यांदा दिसली डिसेंबर १९२७ मध्ये, एका कथेत. १९३० मध्ये तिची पहिली कादंबरी आली. सेंट मेरी मीड नावाच्या खेड्यात राहणारी, विणकाम करणारी म्हातारी. पिस्तूल नाही, पोलिसी खाक्या नाही. तिची पद्धत साधी. गावातला पोऱ्या, मोलकरीण, दुकानदार कसे वागतात हे तिने आयुष्यभर पाहिलेलं. शहरातला खुनी दिसला की तिला त्यातलंच कुणीतरी आठवतं. लोक म्हातारीकडे दुर्लक्ष करून तिच्यासमोर बिनधास्त बोलतात आणि तिथेच फसतात.

पण ती नुसती कडक नाही. १९५३ च्या एका कादंबरीत तिने शिकवून तयार केलेल्या ग्लॅडिस या गरीब मोलकरणीचा खून होतो. खुनी तिच्या नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून जातो. श्रीमंत घरातल्या मृत्यूंच्या गदारोळात त्या पोरीची किंमत कुणाला नसते. आजीबाई पिशवी उचलून थेट त्या घरी पोचतात, कारण मेलेल्या पोरीची केलेली चेष्टा त्यांना सहन होत नाही. शेवटी त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, पण गुन्हेगाराला त्या सोडत नाहीत.

मार्पलच्या अशा १२ कादंबऱ्या आल्या. अगाथाचंही आयुष्य मार्गी लागलं. १९३० मध्येच तिने स्वतःहून १३ वर्षांनी लहान असलेल्या पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवनशी लग्न केलं. ते तिच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १२ जानेवारी १९७६ पर्यंत टिकलं.

आपल्याकडेही या आजीबाई येऊन गेल्यात. ऋतुपर्ण घोष यांच्या २००३ च्या 'शुभो महुरत' या बंगाली सिनेमात मिस मार्पलची पिशी, म्हणजे आत्या झाली. ती भूमिका केली राखी यांनी, आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

नाटकवाल्यांनी ज्या प्रौढ बाईला काढून टाकलं होतं, तिच्या जातकुळीतली बाई कोलकात्यापर्यंत पोचली होती.