नामदार गोखल्यांचें विद्यार्थिपण

आमच्या कोल्हापुरांत शिकून मोठे झालेल्या पुरुषांत नामदार गोपाळ कृष्ण गोखले आम्हांस प्रथम आठवतात. त्यांचा जन्म ता. ९ मे १८६६ रोजीं कोतळूक येथें झाला. १८७९ सालीं वडील निवर्तले. तेव्हां थोरले बंधु गोविंदराव ह्यांनीं आपलें शिक्षण सोडून नोकरी धरिली व पंधरा रुपये पगारांतून आठ रुपये धाकट्यास धाडूं लागले. ह्या बंधूस आम्ही आधीं वंदन करितों.

राजाराम कॉलेज, मग पुण्याचें डेक्कन व मुंबईचें एल्फिन्स्टन, असें शिकून गोपाळराव १८८४ सालीं बी. ए. झाले. पाठांतर दांडगें, गणिताचा व्यासंग मोठा. तरी धनाच्या मागें न लागतां त्यांनीं पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटींत ७५ रुपयांवर अध्यापन पत्करिलें व मुलांसाठीं अंकगणिताचें पुस्तक लिहिलें. हेंच गणित पुढें देशाच्या कामीं आलें. मार्च १९०२ मध्यें वरिष्ठ कायदे कौन्सिलांत, सरकारी शिल्लक ही भरभराटीची खूण नसून गरिबांवरील जड करांचें फळ होय, हें त्यांनीं आंकड्यांनिशीं मांडिलें. १९११ सालीं त्यांनीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल आणिलें. तें पुढील वर्षीं नामंजूर झालें. ता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं ते पुण्यास निवर्तले.