धोतऱ्याचे फूल आणि ली शिझेन

माझ्या आजीला दमा आहे. पावसाळ्यात तो उसळला, की ती परसातल्या धोतऱ्याची वाळवलेली पाने विडीत भरून ओढते आणि घटकाभराने बरे वाटते म्हणून सांगते. डॉक्टरांनी दिलेला पंप फडताळात पडून असतो. गेल्या श्रावणात एका रात्री धुराने काही भागेना. आजीचे ओठ निळे पडू लागले, तेव्हा वडिलांनी शेजाऱ्यांच्या जीपमधून तिला दवाखान्यात नेले. ती वाचली, पण घरात वाद पेटला. वडिलांच्या मते धोतऱ्यानेच घात केला. आजीच्या मते इतकी वर्षे त्यानेच तगवले. दोघेही माझ्या तोंडाकडे पाहू लागले, कारण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. मी पडले इतिहासाची विद्यार्थिनी! मी काय निवाडा देणार? पुढे ग्रंथालयात चीनच्या इतिहासावरचे एक पुस्तक चाळताना ली शिझेनची गाठ पडली, आणि त्याच्याही पदरात हाच धोतरा निघाला.

ली शिझेन १५१८ साली हूपेइ प्रांतातील छीचौ या गावी जन्मला. आजोबा घंटा वाजवीत गावोगाव फिरणारे वैदू, वडील ली यानवन हे वैद्य. मिंग राजवटीत वैद्याला मान बेताचाच. मुलाने सरकारी परीक्षा देऊन अधिकारी व्हावे, ही वडिलांची इच्छा. मुलगा हुशार; चौदाव्या वर्षी परीक्षेची पहिली पायरी त्याने ओलांडली. पुढच्या प्रांतिक परीक्षेत मात्र तो तीनदा नापास झाला. (एफ. वाय. ला इंग्रजीत केटी लागलेल्या माझ्यासारखीला हे वाचून किती धीर आला, ते सांगायला नको.) विसाव्या वर्षाच्या सुमारास तो खोकला आणि तापाने अंथरुणाला खिळला. महिनाभर निरनिराळी औषधे झाली, गुण येईना. शेवटी वडिलांनी हुआंगछिन नावाच्या एकाच मुळीचा काढा दिला आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला. परीक्षांचा नाद सोडून ली वडिलांच्या हाताखाली वैद्यकी शिकू लागला.

छूच्या राजपुत्राच्या मुलाला बरे केल्यावर त्याला राजवाड्यात जागा मिळाली, तेथून बीजिंगच्या राजवैद्यशाळेतही त्याची शिफारस झाली. पण तिथे तो फार टिकला नाही. तेव्हाचा सम्राट जिआजिंग अमर होण्याच्या नादाने नाना रसायने घेत असे, आणि जुन्या ग्रंथांतून पाऱ्याची स्तुती आढळे. लीने मात्र पारा विषारी असल्याचे आणि दीर्घायुष्याच्या लोभाने तो खाणारे असंख्य लोक पंगू झाल्याचे, मेल्याचे स्वच्छ लिहून ठेवले. त्या काळात असे लिहिणे सोपे नव्हते.

जुन्या औषधिग्रंथांत चुका पुष्कळ होत्या. एकच वनस्पती दोन नावांनी, दोन वनस्पती एकाच नावाने, विषारी द्रव्य निर्विष म्हणून! वैद्य ग्रंथ पाहून औषध देणार आणि रोगी जिवाला मुकणार. १५५२ साली लीने हे सारे तपासायला घेतले आणि १५७८ पर्यंत तो त्यातच गढून राहिला. आठशेहून अधिक ग्रंथ पाहिले, मसुदा तीनदा नव्याने लिहिला. पण त्याची खरी शाळा ग्रंथांबाहेर होती. शेतकरी, कोळी, लाकूडतोडे, शिकारी यांना तो विचारी आणि शक्य तेथे स्वतः पाहून घेई.

खवल्या मांजराचे उदाहरण मला फार आवडले. थाओ होंगजिंग या हजार वर्षांपूर्वीच्या पंडिताने लिहिले होते, की हा प्राणी खवले उघडून मेल्यासारखा पडतो, आत मुंग्या शिरल्या की खवले मिटून पाण्यात उतरतो आणि तरंगणाऱ्या मुंग्या खातो. लीने प्राणी फाडून पाहिला. पोटात मापभर मुंग्या सापडल्या. जीभ बाहेर काढून तो मुंग्यांना भुलवतो, असे त्याने नोंदले. मुंग्या खाण्याची गोष्ट खरी ठरली. खवल्यांच्या औषधी गुणाची परीक्षा मात्र पोट फाडून होण्यासारखी नव्हती. पुढे खवल्यांपायी या बिचाऱ्या जिवाची अपार कत्तल झाली, आणि २०२० साली चीनच्या अधिकृत औषधिसंहितेतून ते वगळले गेले.

आता धोतरा. चिनी भाषेत त्याला मान्-थुओ-लुओ म्हणतात. हा शब्द संस्कृतातून, बौद्ध ग्रंथांतून तिकडे गेला. बुद्ध उपदेश करीत असता आकाशातून मंदारवाची फुले बरसली, ही कथाही ली देतो. लोकांत समज असा, की हसत हसत खुडलेल्या फुलांची दारू प्याल्यास माणूस हसतो आणि नाचत खुडलेल्या फुलांच्या दारूने नाचतो. लीने ती स्वतः पिऊन पाहिली! त्याला आढळले ते असे, की निम्मी नशा चढल्यावर समोरचा कोणी हसला किंवा नाचला, तरच पिणाराही तसे करतो. फूल कसे खुडले, याला महत्त्व नव्हते. धोतऱ्याचे फूल आणि भांगेचे फूल यांचे चूर्ण कोमट दारूतून दिल्यास गळू कापताना वेदना होत नाही, हेही त्याने नोंदले.

हा उतारा मी तीनदा वाचला. गुण औषधाचा किती आणि समोरच्या माणसाचा किती, ही गाठ लीच्या हाती लागली होती. ती सोडवायला मात्र एकट्याने पिऊन भागत नाही. आज रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात. एकाला औषध, दुसऱ्याला तसेच दिसणारे निर्गुण द्रव्य देतात, आणि कोणाला काय मिळाले हे रोग्याला व तपासणाऱ्यालाही कळू देत नाहीत. याची अंधूक चाहूल चीनमध्ये आधीच होती. १०६१ सालच्या एका औषधिग्रंथात जिनसेंगची मुळी ओळखायची युक्ती आहे: दोन माणसांना पळवायचे, एकाच्या तोंडात मुळी ठेवायची. रिकाम्या तोंडाच्याला धाप लागली आणि दुसऱ्याला नाही, तर मुळी अस्सल. माणसे मात्र दोनच! दुसरा गडी मुळातच दमदार निघाला तर?

लीही सर्वत्र असा चोखंदळ नव्हता. कुजक्या गवतापासून काजवे होतात, ही जुनी समजूत त्याने तशीच ठेवली. काड्याने उतरलेला त्याचा तो ताप एव्हाना आपोआपही उतरला असता, हे मला सुचते. त्याला सुचले होते की नाही, कोण जाणे.

'बनत्साओ कांगमू' या त्याच्या ग्रंथाचे ५२ खंड आहेत. त्यांत १८९२ द्रव्ये, त्यांपैकी ३७४ नव्याने घातलेली, आणि अकरा हजारांवर औषधयोग. प्रसिद्ध साहित्यिक वांग शिझेन (नाव जवळजवळ तेच!) याच्याकडे ली १५८० साली प्रस्तावना मागायला गेला, ती मिळाली १५९० साली. १५९३ साली ली वारला. ग्रंथ नानजिंगला १५९६ साली छापून निघाला. त्याच वर्षी मुलाने तो सम्राटापुढे ठेवला; सम्राटाने पाहून ठेवून दिला, इतकेच. चिंगहाओ या वनस्पतीचा हिवतापावरील जुना उपयोग त्यात नोंदलेला आहे. तिच्यातूनच १९७० च्या दशकात थू यूयू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्टेमिसिनिन काढले. १९७२ साली आधी स्वतः अर्क घेऊन, मग २१ रोग्यांवर तो तपासला. थूंना २०१५ साली नोबेल मिळाले.

दिवाळीच्या सुट्टीत आजीला मी लीची ही हकीगत सांगितली. धोतऱ्यातल्या द्रव्याने श्वासनळ्या खरेच सैलावतात, तेव्हा तू खोटे बोलत नव्हतीस, हेही सांगितले. पण कोणत्या पानात ते किती, हे कळत नाही आणि जास्त झाले तर जीव जातो. ती बराच वेळ गप्प होती. मग त्या लीला दारू पिऊन पाहायला घरच्यांनी कसे दिले, एवढेच तिने विचारले. पंप आता तिच्या उशाशी आहे. परसातले झाड वडिलांनी उपटले. आजी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.