अदृश्य किरणांचा शोधक : विल्यम हर्षल



वेळणेश्वरच्या आपल्या घरी चुलीतला निखारा काळा पडल्यावर त्याच्या बाजूला हात धरून पाहा. उजेड दिसत नाही, पण धग लागते. ही धग न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची. त्यांचा शोध लावणारे विल्यम हर्षल पदवीधर शास्त्रज्ञ नव्हते, तर संगीतशिक्षक होते, हे आपणांस ठाऊक आहे काय?

त्यांचा जन्म १७३८ साली जर्मनीतील हॅनोव्हर येथे झाला. वडील लष्करी बँडमध्ये वादक होते. १७५७ साली ते पोटासाठी इंग्लंडला गेले. दिवसभर शिकवण्या करून रात्री ते गणित व प्रकाशशास्त्र वाचत. मोठी दुर्बीण विकत घेणे परवडेना, म्हणून त्यांनी स्वतःच आरसे घासले. १३ मार्च १७८१ रोजी त्यांना युरेनस ग्रह सापडला.

१८०० साली त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले व प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वांत वर चढला.

या यशात बहीण कॅरोलिन यांचा मोठा वाटा होता. मुलीने घरकामापलीकडे शिकू नये, असे आईचे मत होते. १७७२ साली भावाने त्यांना इंग्लंडला नेले व गणित शिकविले. भाऊ आरसे घासत असता त्या त्यास अरबी सुरस कथा वाचून दाखवीत. पुढे त्यांनी स्वतः आठ धूमकेतू शोधले आणि १८२८ साली लंडनच्या खगोलशास्त्र संस्थेचे सुवर्णपदक मिळविले. विल्यम १८२२ साली निवर्तले होते.

हर्षल यांना ते किरण केवळ मोजता आले. आज त्यांचे चित्रही पाहता येते. लिथियम नायोबेटसारख्या स्फटिकात अवरक्त चित्र व प्रखर लेसर किरण एकत्र सोडले की दोहोंच्या कंपनसंख्यांची बेरीज होऊन नवा प्रकाश निर्माण होतो. तो साध्या कॅमेऱ्यालाही टिपता येतो. हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी प्रयोगाने पारखलेल्या प्रकाशविद्येचीच ही पुढची पायरी होय.

पालकहो, मुलीचे नाव शाळेतून काढण्याचा विचार मनात आला, तर कॅरोलिनला आठवा. तिच्यातील बुद्धीही आईला दिसली नव्हती. ती होती मात्र खरी.